फाटकवाला का हसला, याबाबतची अंतिम व्यवस्था

मी, देवदत्त गजानन गुप्ते, वय ७४, आनंदनगरच्या एका रंग-कारखान्यातून क्वालिटी ऑफिसर म्हणून निवृत्त, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर सबनिसांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचे मात्र तसे नाही, म्हणून ही घाई. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझी पत्नी मालिनी हयात असताना केले होते आणि त्यात सगळे तिलाच दिले होते.

१. राहता फ्लॅट माझी एकुलती मुलगी वैदेही हिला मिळावा. अट एकच. आतली खोली तिची मुलगी राजसी हिची राहील, तिला हवी तितकी वर्षे. "जरा आवरून घेऊ" म्हणत कोणी तिच्या अंगावरून झाडू फिरवू नये. त्या दाराची आतली कडी मी काढून टाकली आहे. ती पुन्हा बसवू नये.

२. बँकेतील ठेवी निम्म्या वैदेहीला, निम्म्या राजसीच्या औषधपाण्यासाठी. राजसीने कॉलेज अर्ध्यावर सोडले, त्याचे कारण नातेवाइकांनी विचारू नये. कारण असते तर आम्ही ते एव्हाना खणून काढले असते. पोर वाईट नाही, उद्धट नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला "कशाला?" म्हणते. आंघोळ कशाला, जेवण कशाला, उठायचं कशाला. तिच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. "आता बरी दिसते की!" असे म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावावे.

३. पक्कड, पाने आणि ड्रिल मशीन शेजारच्या सुजितला. ड्रिल मशीन गेल्या गणपतीपासून त्याच्याचकडे आहे, तेव्हा ते पोचले असे धरावे.

४. कपाटातली मुखपृष्ठ गेलेली कादंबरी राजसीला. त्या पुस्तकाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही.

त्या कादंबरीत एका आडमार्गावरची रेल्वे कायमची बंद होते. रूळसुद्धा उचलून नेतात. फाटकवाला मात्र जुन्या वेळापत्रकाप्रमाणे रोज फाटक लावतो आणि उघडतो. शेवटच्या पानावर एक बैलगाडीवाला खोळंबतो आणि विचारतो, "अरे, पण रेल्वे कुठाय?" फाटकवाला म्हणतो, "नाही." आणि हसतो. संपली कादंबरी.

तो का हसला, यावर मी आणि दिनानाथ खारकर अख्खी नोकरी भांडलो. दिनानाथ माझ्याच लॅबमधला, उल्हासनगर कॅम्प चारचा. सिंधी शेजाऱ्यांत राहून ज्याला त्याला 'साईं' म्हणायची खोड लागलेला. त्याचे म्हणणे शून्यवाद्याचे: "साईं, अर्थबिर्थ काही नसतो. फाटकाला नाही, गाडीला नव्हता, आपल्याला तर नाहीच. हे त्याला कळलं, सुटला बिचारा, म्हणून हसला." माझे म्हणणे असे की अर्थ नाही हे कबूल, पण तरीही तो जगाच्या नाकावर टिच्चून फाटक लावतो. ते हसणे बंडखोराचे आहे. अंबरनाथच्या आमच्या वाचक मंडळात याला ॲब्सर्डिझम म्हणत. मी टेबलावर मूठ आपटून "तरीही!" म्हणायचो तेव्हा मंडळी आपापले चहाचे कप उचलून धरत.

हेच भाषण मी राजसीला दिले. ती छताकडे बघत म्हणाली, "आजोबा, त्याला सवय झाली होती. बंड काय त्यात? खारकर आजोबांचंच बरोबर आहे."

वाद हरल्याचे दुःख नव्हते हो! पण माझी नात त्या बाजूला जाऊन बसली होती, आणि त्या बाजूला मला बारवी धरणाचे खोल पाणी दिसत होते. तेव्हापासून मला धड झोप नाही. तिच्या खोलीत पंख्याचा आवाज थांबला तरी मी उठून बसतो.

५. दिनानाथ खारकर यास माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. पुस्तकही नाही, त्यात त्याने पेन्सिलीने खरडले असले तरी नाही.

तीन वर्षांपूर्वी मालिनी गेली. राजसीचे दुखणे तेव्हा सुरू झालेले होते आणि मालिनी तीच काळजी उराशी घेऊन गेली. दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, शिवेनात. गेलेल्याची इच्छा राहिली की असे होते म्हणतात, मग एकेक जण पुढे होऊन वचन देतो. वैदेहीने दिले, "आई, बाबांना मी सांभाळीन." माझ्या मेहुण्याने दिले. ऊन चढले. मी मागेच उभा, कारण माझा कावळ्यावर विश्वास नाही. तेवढ्यात हा दिनानाथ, ज्याच्या लेखी सगळे शून्य, तो चपला काढून पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "वहिनी, राजसीला मी एकटं पडू देणार नाही."

आणि कावळा आला.

मी सगळ्यांसमोर त्याला ढोंगी म्हणालो. "दिन्या, ज्याला काही नाहीच म्हणतोस त्याच्यापुढे हात कसले जोडतोस?" तो चपला घालून निघून गेला. तो शब्द मी आजही मागे घेत नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

पण तो राजसीला रोज फोन करतो. ती माझ्याशी बोलत नाही, आईशी बोलत नाही, त्याचा फोन तेवढा घेते. मला राग यायचा, खोटे कशाला लिहू. नक्की हिच्या डोक्यात काय भरतो म्हणून गेल्या महिन्यात दाराशी उभा राहून ऐकले. फोन स्पीकरवर होता. राजसी म्हणाली, "आजोबा, कशालाच काही अर्थ नाही ना?" तो म्हणाला, "नाही गं साईं, मुळीच नाही. जेवलीस का?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मग मीही थांबतो. ताट वाढून बसलोय." मग ती उठली आणि स्वयंपाकघरात डबे उघडल्याचा आवाज आला.

माझ्या 'तरीही'ने तिला कधी उठवले नव्हते. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो.

६. माझ्या दहाव्याबाबत. माझी कोणती इच्छा राहिली हे शोधत बसू नये, इथेच लिहितो: राजसीने जेवावे. कावळा शिवला नाही तर राजसीकडून कसलेही वचन घेऊ नये. तिच्यावर ते ओझे नको. ती उन्हात उभी राहिली तरी पुष्कळ. दिनानाथला पुढे करावे, तो करील काय ते. तरीही कावळा न आला तर न येवो. सगळ्यांनी घरी जावे आणि राजसीचे पान माझ्या जागेवर मांडावे.

७. कलम ५ बद्दल खुलासा. आधी पुस्तक दिनानाथलाच लिहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. मला साक्षीला तोच हवा आहे. म्हणून त्याचे नाव खोडले. आज सकाळी मीच त्याला फोन केला. म्हणालो, "ये. सही करायची आहे." त्याने कशाला म्हणून विचारले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे उतरला आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करतो.

ठिकाण: शिरगाव, बदलापूर पूर्व
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५
(सही) देवदत्त गजानन गुप्ते

साक्षीदार १: (सही) डॉ. अंजनी सबनीस, बदलापूर

साक्षीदार २: (सही) दिनानाथ महादेव खारकर, उल्हासनगर-४
शेरा, माझ्या हाताने: देवाने, म्हणजे देवदत्तने, माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मी वाचला. कलम ४ मला मान्य नाही, फाटकवाला सुटला म्हणूनच हसला. यावरून सहीआधी आमचे भांडण झाले, आवाज चढले. ते ऐकून राजसी बाहेर आली, "किती ओरडता दोघं" म्हणाली आणि आमच्यात बसून अर्धी पोळी जेवली.