भट्टीमागची पांढरी भिंत

३ मार्च
बेल्मिरोच्या बेकरीत भिंत बघितली. भट्टीमागची. पांढऱ्या टाइल्स हव्यात, त्याही सत्तावीस तारखेच्या तपासणीआधी. परवाना नाही मिळाला तर ईस्टरच्या केकचा हंगाम हुकतो. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग आहे — नख जाईल एवढी. शेजारी हॉटेलचा पाया खणतायत, दिवसभर जमीन थरथरते. भेगेवर आडवा जिप्समचा पट्टा थापला, त्यावर तारीख घातली. भिंत सरकत असेल तर पट्टा तडकेल.

ओतीलिया तिथेच भिंतीला पाठ करून अंडी फेटत होती. माझी धाकटी बहीण, बेल्मिरोची बायको. दिवसाचे दहा तास तिथेच उभी असते.

५ मार्च
जिप्सम तडकला!

६ मार्च
बेल्मिरोला सांगितलं, आधी इंजिनियर बोलाव. मेहुणा हसला. जुनं घर आहे म्हणे, कुरकुरणारच. मग वर्मावर बोट ठेवलं — "जमत नसेल तर तसं सांग. आवेइरोहून दुसरा माणूस आणतो."

मला! ओवारमध्ये तीस वर्षं टाइल्स लावतोय मी! रागाच्या भरात हो म्हणून बसलो.

१० मार्च
फरशीपासून सुरुवात करायची नाही, फरशी कधीच सरळ नसते. एक ओळ सोडून लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोकली, तिथून वर चढलो. खालची ओळ शेवटी, कापून. मसाला दातेरी थापीनं एकाच दिशेला ओढला, म्हणजे हवा अडकत नाही. मधूनच एखादी टाइल काढून पाठ बघितली — पूर्ण माखलेली. भेगेवर जाळी आणि रबरासारखा ताणणारा मसाला. भिंत थोडीफार सरकली तरी वर काही दिसत नाही.

तेच तर वाईट आहे.

१४ मार्च
सांधे भरले. ओला स्पंज तिरकाच फिरवायचा, सरळ फिरवला की सांध्यातला माल निघून येतो. इतकं स्वच्छ काम आयुष्यात केलं नसेल. ओतीलिया सारखी हात फिरवून बघत होती. "दादा, आरसाच की रे हा," म्हणाली. मला धड हसताही आलं नाही.

१९ मार्च
पाव आणायच्या निमित्तानं गेलो, बोटांनी ठोकून बघितलं. चौथ्या ओळीत पोकळ वाजतंय.

२३ मार्च
पोकळ आवाज सातव्या ओळीपर्यंत गेला. दारही खाली घासायला लागलंय. ओतीलियाला वाटतं लाकूड फुगलं. बेल्मिरोला परत सांगितलं, तर म्हणे स्वतःच्याच कामाला नावं ठेवणारा कारागीर पहिल्यांदा बघतोय.

२७ मार्च
तपासणीच्या बाई आल्या. भिंतीवरून बोट फिरवलं. "केसाएवढीसुद्धा भेग नाही. काम असावं तर असं!" सही, शिक्का. बेल्मिरोनं मला मिठी मारली. आणि मी? कौतुक ऐकत गाढवासारखा उभा! एक शब्द बोललो असतो तर — नाही बोललो. झोप येणार नाही आज.

२८ मार्च
सकाळी हातोडा घेऊन गेलो आणि माझ्याच टाइल्स फोडल्या. मागच्या भेगेत अख्खा पंजा गेला. ओरडून सगळ्यांना रस्त्यावर काढलं, ओतीलियाला तर ओढतच.

अकरा वाजता भिंत कोसळली. भट्टीत केक जळतायत म्हणून बेल्मिरो तेवढा परत आत गेला होता.