पुसलेलं स्टेशन

बाबा,

तुम्ही यायच्या आत निघतेय, म्हणून लिहून ठेवते. सकाळी झाडलोट करताना तुमच्या छोट्या रेल्वेच्या टेबलावरचं स्टेशन मी ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. छपरावरचा गंज आणि भिंतींवरची काजळी तुम्ही ती खरी जुनी दिसावीत म्हणून खडूची पूड घासून, महिनाभर खपून चढवली होती, हे फडकं काळं झाल्यावर डोक्यात आलं. तोवर गोदामाचीही तीच गत झाली होती. आता दोन्ही आजच दुकानातून आणल्यासारखी दिसतात. बोलणी खायला शनिवारी येईनच.

जेवण फ्रिजमध्ये आहे. गरम करा आणि बसून खा.

टेबलावरच्या रेल्वे फाटकाशेजारच्या आपल्या चिमुकल्या घराला हात लावला नाही. तिथे पुसायला काही नव्हतंच. अख्खं गाव तुम्ही मळवलंत, फक्त ते घर आई इथे राहत होती तेव्हा रंगवलंत तसंच कोरं ठेवलंत.

मी आईच्या नव्या घरी सामान लावायला चाललेय. राहिलेलं कपाट न्यायला रविवारी ती स्वतः येणार आहे, आणि टेबल बघितल्याशिवाय काही जायची नाही. स्टेशनचं राहू दे. तोवर फाटकाशेजारच्या त्या कोऱ्या घरावर थोडी धूळ चढवा.

धाकटी