छातीत दुखलं नाही म्हणून

तीर्थरूप आप्पांना अक्षताचा जय भीम.

मी बरी आहे. थंडीने हात फुटलेत, एवढंच. तुम्हाला अक्षर अंधूक दिसतं, म्हणून पत्राचा फोटो महेंद्रदादाला पाठवते आहे. तो वाचून दाखवेल. फोनवर तुम्ही सगळं हसण्यावारी नेता.

परवा मेढ्याचा चढ चढताना तुम्हाला दरदरून घाम आला, दम लागला, बसावं लागलं. वर मला फोनवर म्हणालात, "आगं, छातीत दुखलंच न्हाई, मग दवाखाना कशाला?" तेव्हापासून वॉर्डात ड्यूटीवर माझं लक्ष लागत नाही.

आप्पा, बारा वर्षांच्या शुगरने रक्तवाहिन्या अरुंद होतात, नसाही बधिर होतात. पायात काटा मोडला, तो तुम्हाला रक्त दिसल्यावर कळला. हृदयाचंही तसंच होतं. काल इथे एक हवालदार चालत आला. त्याचंही दुखत नव्हतं. त्याचा ईसीजी पाहून डॉक्टर धावले.

आई गुडघ्याला तेल लावते ना? तिला यातलं काही सांगू नका.

दादा, आता वाचायचा थांब आणि गाडी काढ. आप्पा हसले तरी काढ. साताऱ्यात ईसीजी झाला की मग पुढचं वाच. पुढे फक्त माझं नाव आहे.

अक्षता