रविवारची गोळी

३ फेब्रुवारी
आज आईला सुई ओवता आली नाही. डोळे ठणठणीत आहेत — बोटंच मिटत नाहीत! गिऱ्हाइकाचा शर्ट तसाच मशीनवर. "डॉक्टर झालीस ना? मग कर मला बरी," हसत म्हणाली.

४ फेब्रुवारी
आयुर्वेद कॉलेजात जाऊन सरांना विचारलं. "आमवात. आधी पचन सांभाळ. हलकं जेवण, सुंठीचं पाणी, वाळूच्या पुरचुंडीनं कोरडा शेक. सूज आहे तोवर तेल नाही. आणि सांध्यांच्या डॉक्टरांची आठवड्याची गोळी चालूच ठेव. बंद केलीस तर मला तोंड दाखवू नकोस."
घरातली पहिली शिकलेली मी. माझ्या आईलाच गुण आला नाही तर?

१५ फेब्रुवारी
मावशी आली. "सांधे दुखतात अन् तेल लावायचं नाही? एवढी वर्षं हेच शिकलीस होय गं?"
"गप गं," आई म्हणाली. "ती सांगते तसंच."
दर रविवारी गोळी मी स्वतः आईच्या हातावर ठेवते. नियम म्हणजे नियम!

२ मार्च
मूठ थोडी मिटली! आई गल्लीभर सांगत सुटली आहे — "लेकीच्या हाताला गुण आहे." लोक विचारतात, दवाखाना कधी काढतेस?

१४ एप्रिल
मनगट फुगलंय. गुडघाही गरम.

१६ एप्रिल
कुठं चुकलं? पुस्तकं पालथी घातली. मग मावशीवर संशय आला — चोरून तेल चोळत असणार. तोंडावर बोलले. "तुझी शप्पथ, बाटलीला हात लावला नाही!" डोळे पुसत, चहा न घेताच गेली.

२१ एप्रिल
शर्टाला गुंडी शोधत होते. आईच्या डब्यात, पांढऱ्या गुंड्यांखाली पिवळ्या गोळ्या. सगळ्या रविवारच्या.
आई मान खाली घालून म्हणाली, "दोन्ही घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, त्या गोळीनंच बरी झाली. तुझं नाव कसं झालं असतं गं?"
ओरडायचं होतं.
आधी मावशीकडे गेले, माफी मागितली.

२२ एप्रिल
सांध्यांच्या डॉक्टरांनी आईचं वाकडं झालेलं बोट उलटसुलट पाहिलं. हा वाक जाईलच असं नाही, म्हणाले. मग आवाज चढवून — "गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?"
आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माझ्या."