माघारीचा हुकूम

आबा, मी नोकरीसाठी हॉलंडमध्ये राहत होते, तेव्हा एका रविवारी तिथला जुना कालवा बघायला गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिथल्या सैनिकांनी दलदलीतून तो खणला, काठाने काँक्रीटची ठाणी बांधली. जर्मन सैनिक हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी आगगाडीत बसून या बचावफळीच्या मागे उतरले. माघारीचा हुकूम निघाला, पण तो काही ठाण्यांपर्यंत पोहोचलाच नाही, असं वाट दाखवणारे म्हातारे गृहस्थ सांगत होते. मी वाकून एका ठाण्यात शिरले. घोटाभर पाणी, बंदुकीच्या फटीतून दिसणारं नुसतं गवत. इथे कुणीतरी वाट बघत बसलं असेल, असं मनात आलं आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ती म्हातारी आठवली.

तिचा मुलगा आणि तुम्ही एकाच पलटणीत, एकाच खंदकात होतात. पाकिस्तानच्या लढाईतून तुम्ही परत आलात, तो नाही. दर वर्षी पावसाआधी तुम्ही तिचं घर शाकारायला जायचात. एकदा मलाही नेलंत. तुम्ही छपरावर आहात, मी खालून पेंढा देते आहे, आणि म्हातारी गोठ्याच्या दारातून विचारते, "मागं फिरायचा हुकूम झाला तवा तू आलास. माझा का नाय आला रे?"

तुमचे हात थांबतात. "पायाला गोळी लागली होती त्याच्या, आये."

"मग तू उचललास का नाय?"

 तुम्ही छप्पर पुरं करून उतरलात. वाटेत मी तेच विचारलं तर "गप ऱ्हा!" म्हणून ओरडलात. पुढच्या वर्षीही गेलात, पण एकटेच. मरेपर्यंत जात राहिलात.

यंदा सुट्टीत मी तिच्याकडे गेले. तिचे डोळे गेलेत. तुमची मुलगी म्हटल्यावर तिने माझा हात चाचपून धरला. "बा काय बोलला का गो, जाताना?"

"बोलले," मी म्हणाले. "त्याला खांद्यावर घेतलं होतं म्हणाले. वाटेत जीव गेला."

बराच वेळ तिने हात सोडला नाही. मग म्हणाली, "म्हंजी एकला नाय मेला."

आबा, तुम्ही मला असं कधीच काही सांगितलं नव्हतं.