जाऊबाईंची जागा

२ फेब्रुवारी
सासर आवडलं. हरिशंकरपुरमातलं हे घर छोटं, पण हवेशीर आहे. शेजारच्या बाईंनी विचारलं, सूनबाईंची शिक्षा किती झाली? मी गारच. आमच्या साताऱ्यात शिक्षा कोर्टात होते. नवरोबा अंशुल पोट धरून हसला. ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदी अशी कुठेही घुसते, आणि शिक्षा म्हणजे शिक्षण.

हॉलमधल्या फळीवर लाकडाचं एक जोडपं उभं आहे, हातभर उंचीचं. सासूबाईंनी ओळख करून दिली: हे तुझे दीर, ही तुझी धाकटी जाऊ. मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चाललीय.

४ फेब्रुवारी
थट्टा नव्हती. सासरे नोकरीसाठी आफ्रिकेत, माली देशात होते. अंशुल आणि तरुण ही जुळी तिथेच झाली. तरुण तान्हेपणीच गेला. तेव्हा शेजारच्या बामाना जमातीच्या बायकांनी सासूबाईंना त्यांची रीत सांगितली. जुळ्यातलं एक गेलं तर त्याची मूर्ती कोरून घ्यायची, आणि जे जगलेल्याला, तेच तिला. अंघोळ, नवा कपडा, सगळं. जगलेल्याचं लग्न झालं की मूर्तीलाही जोडीदारीण आणायची, नाहीतर तो एकटा पडतो. म्हणून आमच्या लग्नाआधी ही जाऊ तिकडूनच घडवून मागवली. तिथे लाकूडही लोहारच कोरतात म्हणे.

सांगताना सासूबाई रडल्या नाहीत, नुसता तरुणच्या डोक्यावरून हात फिरवला. मलाच भरून आलं.

९ फेब्रुवारी
सासूबाई बहिणीकडे इंदूरला गेल्या. निघताना बजावलं, तरुणच्या शेजारी खाली ठेवू नकोस. मी बरं म्हटलं.

जाऊबाईंचं मात्र अती होतं. शिरा केला तरी आधी वाटी त्यांच्यापुढे. त्यात उद्या माझी आत्या येतेय, इंदुताई. तिच्या जिभेला हाड नाही. ही उघडीवाघडी बाई बघितली तर साताराभर करेल.

१० फेब्रुवारी
दिरांच्या कमरेला निदान फडकं आहे, त्यांना राहू दिलं. जाऊबाईंना जुन्या पातळात गुंडाळून माळ्यावर टाकलं. खाली ठेवू नको म्हणाल्या होत्या, मी तर वर ठेवलं.

आत्या खूश होऊन गेली. संध्याकाळी अंशुलने विचारलं, ती कुठेय? आईंनी सांगितलं म्हणून पॉलिशला दिली, मी म्हणाले. सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण लाज वाटली.

१३ फेब्रुवारी
अंशुल आज डाव्या हाताने जेवला. विचारलं तर म्हणे, कधी? सोफ्यावरही एका कडेला बसतो, शेजारी जागा सोडून.

जाऊबाईंना उद्या काढते. आज पाठ दुखतेय. खरं म्हणजे त्यांच्याकडे बघायची हिंमत नाही.

१५ फेब्रुवारी
सराफा बाजारातून परतताना अंशुल म्हणाला, ती ऑटो खाली आहे, चल. मी रस्त्याकडे बघितलं. मग ऑटोकडे. आत कुणी नव्हतं.

खाली म्हणजे रिकामी.

तरुणच्या शेजारी खाली ठेवू नकोस.

घरी येऊन तशीच शिडी लावली. पातळाची गाठ मी मारली तशीच. आत काही नाही.

बोचकं टाकावं तसं टाकलं मी तिला. माझी जाऊ होती ती.

१६ फेब्रुवारी, सकाळ
सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, अगं, आता तो एकटा— आणि फोन ठेवला. मिळेल त्या गाडीने निघताहेत.

दाढी करताना अंशुलची हनुवटी कापली. मी हळद लावली. त्याला काहीच सांगितलं नाही. तसाच ऑफिसला गेला.

दुपार
अंशुल लवकर आला. हनुवटीवर जखम नाही. हळद नाही.

फळीवर दीर— हनुवटीला चीर. ओली हळद. माझ्या बोटाचा ठसा—

अंशुल, मी सांगायला हवं होतं, मी—

हा सोफ्याच्या कडेला बसलाय. डाव्या हाताने शेजारची गादी थोपटतोय. आवाज अंशुलचाच. म्हणतो, वहिनी, या ना, इथे जागा खाली—