माझी कादंबरी तू परस्पर बदललीस

प्रिय आत्या,

काल रविवारी मी बेरखेडीला जाऊन आले आणि आज बँकेतून रजा टाकून हे पत्र लिहायला बसले आहे. तू गेल्याला सहा आठवडे झाले. इतके दिवस तुला काही लिहावं असं वाटलंच नाही, नुसतं रडू यायचं. काल मात्र परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकी भांडत होते, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "जीजी, तबियत तो ठीक है?" भांडण अर्धंच राहिलंय. ते आज पुरं करते.

तुला आठवतं, माझी पहिली प्रेमकथा पुण्याहून परत आली होती? प्रकाशकांनी लिहिलं होतं, गोष्ट गोड आहे, पण गाव कोकणातलं करा. झाशीकडच्या खेड्यांत डाकू असतात, तिथं प्रेम कुणाला पटणार? मी खरंच नारळाची झाडं लावायला बसले होते! तू झाशीत ओरछा गेटजवळच्या आपल्या घरात चष्मा पुसत विचारलंस, "तू कोकण पाहिलंयस?"

"नाही."

"मग त्या पोरीला तिथं प्रेमात पाडून पुढं काय करणार आहेस?"

त्या दिवसापासून तू माझी मास्तरीण झालीस. पेन्शनीत निघालेली, गुडघे दुखणारी बाई, पण दर पंधरा दिवसांनी मला कुठल्या ना कुठल्या खटारा बसमध्ये बसवायचीस. ते काळे खडक, बेतवेचे डोह, पानं गळून नुसता लाल झालेला पळस, सगळं तू दाखवलंस. माझ्या नायिकेनं संध्याकाळी फांदीवरून महुआची, म्हणजे मोहाची, फुलं तोडली, तर किती हसलीस! "अगं, महुआ तोडत नाहीत. पहाटे खाली पडलेला वेचतात. आणि त्या वासानं डोकं उठतं, प्रेमात नाही पडत कुणी." मी ते वाक्य खोडलं. पुढं त्याच पुस्तकाबद्दल नागपूरच्या एका वाचकबाईंनी कळवलं, की तुमचं गाव अगदी नाकाला जाणवतं. श्रेय मी घेतलं.

एका गावाला मात्र तू मला कधी नेलं नाहीस. बबीन्याच्या पुढचं बेरखेडी. तिथं अकरा वर्षं तू एका खोलीची शाळा चालवलीस आणि तेच गाव दाखवायचं टाळलंस! तेव्हाच मला शंका यायला हवी होती ना?

मग ती दुपार. आपण दोघी मुरंब्यासाठी आवळे टोचत होतो. तुझ्या हातातला काटा थांबला आणि तू सहज, भाजीचा भाव सांगावा तशी, लखनजींबद्दल बोललीस. जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. तुला सायकलच्या कॅरिअरवर बसवून बसथांब्यापर्यंत सोडायचे. सगळं गाव तुला बहनजी म्हणायचं, तसं शाळेतल्या बाईंना म्हणतातच. ते एकटे 'मास्टरनी जी' म्हणायचे. "तेवढ्यावरून मला सगळं कळायचं," तू म्हणालीस.

तुझी बदली झाली, त्या दिवशी थांब्यावर ते एवढंच बोलले, "मास्टरनी जी, इतईं रै जाओ." इथंच राहा.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बस आली."

घरी आजोबा होते, माझ्या बाबांचं शिक्षण व्हायचं होतं, आणि परजातीतला, परभाषेतला जावई त्या घरात चाललाच नसता. हे तू सांगितलं नाहीस, मीच ओळखलं. तू पुढचा आवळा उचललास.

आणि मी काय केलं? तुला न विचारता त्याची कादंबरी केली. नायकाच्या तोंडी बेतवेकाठी दोन पानांचं भाषण घातलं. शेवटी वाजतगाजत लग्न लावलं. मला वाटलं, आयुष्यानं दिलं नाही ते आपण आत्याला देऊ. किती शहाणी मी!

पुस्तक वाचून तू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी रोज ऑफिसहून येताना तुझ्या खोलीशी थांबायचे, तू रेडिओ मोठा करायचीस. सोळाव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "माझं लग्न लावलंस, मला बोलवायचं तरी होतंस!" मी घाबरत वर पाहिलं. तू हसत होतीस. मग मी तुझ्या गळ्यात पडून जी रडले, ती तुझ्या पदराला नाक पुसूनच थांबले.

त्याच रविवारी तू पुस्तक पिशवीत टाकून निघालीस. "त्यांना मराठी येत नाही," दारातून म्हणालीस. "वाचून दाखवायला हवं. त्यांच्यावरच तर लिहिलंयस." चाळीस वर्षांनी! लखनजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे तुला कुणी सांगितलं होतं, ते तू मला शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस.

मग दर रविवारी तीच बस. जाताना इस्त्रीची साडी, येताना पिशवीत बोरं. मी विचारायचे, एवढंसं पुस्तक, दीड वर्ष कसं पुरतं? तर म्हणायचीस, "मराठीचं हिंदी करायला वेळ लागतो." एकदा धीर करून मी विचारलं, लग्न करणार आहात का? तू हातातली पोळी तव्यावर टाकलीस. "वेडी की काय! रविवार छान जातो. सोमवारी मला माझ्याच पलंगावर दुपारची झोप लागते."

आणि मग एका दुपारी त्याच पलंगावर झोपलीस ती उठलीच नाहीस.

आत्या, एका गोष्टीची माफी मागायची आहे. मी त्यांना कळवलं नाही. फोन नंबर नव्हता ही सबब झाली. खरं म्हणजे माझा धीर होत नव्हता. एक म्हातारा माणूस दर रविवारी थांब्यावर येत असेल, हे मला माहीत होतं आणि मी घरात बसून होते. सहा रविवार! तू असतीस तर कान धरून बसमध्ये बसवलं असतंस.

काल शेवटी गेले. ते थांब्यावर नव्हते. घराच्या ओट्यावर शेळीच्या पायाला पट्टी बांधत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी आधी शेळीची गाठ नीट मारली, मग म्हणाले, "पहले इतवार को ही समझ गए थे, बिन्नू. बस आई और वो नहीं उतरीं." मला ते बिन्नू म्हणाले, पोरी! मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुम्हाईं तो बुआ हतीं. तुम कौन सी सुखी बैठी हुइयौ." तुझीच आत्या होती, तू तरी कुठं सुखात बसली असशील.

त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला. मी पिशवीतून पुस्तक काढलं. म्हटलं, राहिलं असेल तेवढं मी वाचते.

"अरे, वो तो दिवाली पे ही खतम हो गई," ते म्हणाले. "बड़ी नोनी किताब लिखी तुमने."

मी खूश झाले. कोणता लेखक होणार नाही? मी विचारलं, "शादी वाला हिस्सा कैसा लगा?"

"कौन सी शादी?"

आत्या! माझ्या कादंबरीत लग्नच नाही? बेतवेकाठचं भाषण? तेही नाही! उलट त्यांनीच मला विचारलं, "और वो बैल, जो हाजिरी का रजिस्टर खा गया? कैसे सोचा तुमने?" मी कुठलाही बैल लिहिलेला नाही! पुरात वाहून गेलेली शाळेची घंटा, पावसात छपराखाली शिरलेल्या चौदा शेळ्या आणि त्यांच्यामध्ये बसून मुलींकडून पाढे म्हणून घेणारी मास्तरीण, यातलं एक अक्षर माझं नाही. ते सांगत गेले आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. दीड वर्ष तू माझं पुस्तक मांडीवर उघडून बसायचीस आणि भलतंच वाचायचीस!

खोटं कशाला सांगू, आधी राग आला. मग हेवा वाटला. अगं, तुझी गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती! मी तिसऱ्या पानावर नायिकेला सुंदर म्हणून मोकळी झाले होते. तू तिला चौदा शेळ्यांत बसवलंस.

"तो आखिर में क्या हुआ?" मी विचारलं. माझ्याच पुस्तकाचा शेवट मी विचारत होते.

लखनजींनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी सांगितलं. तुझ्या गोष्टीत बदलीचा दिवस येतो. कंपाउंडर थांब्यावर तेच म्हणतो, इतईं रै जाओ. बस येते. मास्तरीण चढते, खिडकीशी बसते. बस सुटते. आणि धूळ, इंजिनाचा आवाज, या सगळ्यात ती खिडकीबाहेर डोकं काढून ओरडते, "हओ!"

बुंदेलीतलं हो. आपल्या घरात तू बुंदेलीचा एक शब्द कधी बोलली नाहीस.

"इतना पढ़ के किताब बंद कर दी उन्ने," ते म्हणाले. "हमने पूछी, मास्टरनी जी, जे किताब में लिखो है? वो बोलीं, और का!" मग ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चालीस बरस लगा दए, बिन्नू. पर बोलीं तो हमाई बोली में बोलीं."

मीही हसले. काय करणार? माझं भाषण, माझा बँडबाजा, सगळं तू एका शब्दात उडवून लावलंस. आणि तरी दिवाळीनंतरही दर रविवारी जात होतीस, पुस्तक संपल्यावरही! तेव्हा तर काही वाचायचं उरलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, मग काय करत होतात? "बैठे रहते थे," ते म्हणाले.

तर आता ऐक. पुढच्या रविवारपासून मी वही घेऊन बेरखेडीला जाणार आहे. त्यांना तुझी सगळी गोष्ट शब्दन् शब्द पाठ आहे. ते सांगतील, मी उतरवून घेईन. मराठीत आणीन, पण बैल काढणार नाही, लग्न घालणार नाही आणि तो 'हओ' आहे तसाच ठेवीन, पुण्याचे प्रकाशक कितीही कुरकुरले तरी. पुस्तकावर लेखिका म्हणून तुझं नाव असेल. माझं नाव आत, बारीक टाइपात, लेखनिक म्हणून. वचन देते, एवढं एक पुस्तक मी तुला दुरुस्त करायला न लावता पुरं करीन.

तुझी खोडलेली,
नीला